हायब्रीड टी गुलाबाच्या नव्या जाती: गच्चीवर खरंच टिकतात का?

गच्चीवरची_बाग (कोथरूड), २० सप्टेंबर

नमस्कार मंडळी,
दसऱ्यानंतर छाटणी, त्याआधी थोडं डोकं खायला आले आहे.
आमच्याकडे गुलाब बाबांच्या वेळपासून. ग्लॅडिएटर, सुपर स्टार, पीस, डबल डिलाइट, पापा मेलँड ही मंडळी घरच्यासारखी. गेल्या डिसेंबरात मात्र मोहात पडले आणि ऑनलाइन सहा "लेटेस्ट युरोपियन" हायब्रीड टी मागवल्या. फोटोत फुलं अशी की बशीत मावणार नाहीत. पैसे किती गेले ते नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही, तुम्हालाही सांगत नाही. सहापैकी दोन एप्रिलात गेली, दोन जुलैच्या झडीत पानं गाळून काळी पडली. उरली दोन. एक ग्रांद अमोरे, हे बऱ्यापैकी उभं आहे. दुसरं फ्रान्सिस मेलँड, ते नुसतं उंच वाढतंय, फुलाचा पत्ता नाही.
तर प्रश्न असा, की या नव्या जातींचं आपल्याकडे खरंच काही होतं का, की बाबांचे जुने गुलाबच बरे? आणि यंदा पाचच नवी रोपं घ्यायची ठरवली आहेत (पाचच! शप्पथ!), तर कुठली घेऊ? गच्ची पश्चिमेची, ऊन दुपारी बारापासून, कुंड्या १४ इंची.

काटेसाहेब, २० सप्टेंबर

"पाचच" वाचून हसू आवरेना. मी पण २०१६ साली पाचच म्हणालो होतो. आता ७२ आहेत आणि कपडे वाळत घालायला बायको शेजारच्यांच्या गच्चीवर जाते.

शंकासुर, २० सप्टेंबर

अडाणी प्रश्न. हायब्रीड टी म्हणजे नक्की काय? चहाशी काही संबंध?

नाना_७४, २१ सप्टेंबर

शंकासुर, संबंध आहे पण प्यायच्या चहाशी नाही. चीनकडून युरोपात जे गुलाब गेले त्यांच्या वासाला तिथल्या लोकांनी चहाच्या पानांचा वास म्हटलं, म्हणून ते टी रोझ. नाजूक, पण वर्षभर फुलणारे. युरोपातले दणकट हायब्रीड पर्पेच्युअल आणि हे टी यांच्या संकरातून आले ते हायब्रीड टी. फ्रान्समधल्या गियोचा 'ला फ्रान्स', साल १८६७, हा पहिला मानतात. लांब दांडा, दांड्याला एकच कळी, कळी मधोमध उंच आणि पाकळ्या बाहेर वळत उघडणाऱ्या, ही ओळख. झुपक्याने येतात ते फ्लोरिबंडा.
आता गच्चीवरची ताई, तुमच्या प्रश्नाकडे. मी ४० वर्षं गुलाब लावतोय. माझं मत सरळ आहे. पीस १९४५ साली बाजारात आला, सुपर स्टार १९६०, पापा मेलँड १९६३, डबल डिलाइट १९७७. जी जात पन्नास वर्षं आपल्या उन्हापावसातून पार झाली तिला परीक्षा द्यायची गरज नाही. नव्या जातीचा फोटो बघायचा आणि खिसा सांभाळायचा.

हॅम्बुर्गकर, २१ सप्टेंबर

नानांबद्दल आदर आहे पण पार असहमत. जुन्या जाती "पार झाल्या" त्या दर आठवड्याला फवारा मारून. डबल डिलाइटला भुरी (पानांवरची पांढरी बुरशी) येते, पापा मेलँडला भुरी येते, आणि पावसाळ्यात काळ्या ठिपक्याने सगळं झाड उघडं पडतं. खरं की खोटं?
मी राहतो तिथून पाऊण तासावर स्पारीसहोप नावाचं खेडं आहे, तिथे कोर्डेस ही गुलाबवाल्यांची जुनी पेढी आहे. १९९० च्या सुमाराला त्यांनी चाचणीच्या शेतात बुरशीनाशक मारणंच बंद केलं. हजारो रोपं मेली. जी उरली त्यांच्यातून पुढची पैदास. इथे एडीआर म्हणून एक चाचणी असते, देशभर वेगवेगळ्या ठिकाणी तीन वर्षं झाड लावून बघतात आणि १९९७ पासून त्यात औषध मारायचंच नाही असा नियम आहे. नंतर जात ढेपाळली तर दिलेला शिक्का काढूनही घेतात. तुमचे उरलेले दोन कोण? ग्रांद अमोरे आणि फ्रान्सिस मेलँड. दोन्ही एडीआरवाले! आता बोला.

विदर्भी_ऊन, २१ सप्टेंबर

बोलतो ना भाऊ. तुमच्या जर्मनीत मे महिन्यात ४६ डिग्री होते का? आमच्या नागपुरात होते. तुमच्या चाचणीत झाड पाऊस, थंडी, बुरशी सगळ्यातून पास होते हो, पण दुपारी दोन वाजता सिमेंटच्या गच्चीवर काळ्या प्लास्टिकच्या कुंडीत उभं राहायचा पेपरच त्यात नाही. आमच्याकडे तं गडद लाल गुलाबाच्या पाकळ्या कडेने जळून पापड होतात. पापा मेलँड नोव्हेंबर ते फेब्रुवारी राजा, एप्रिलमध्ये भिकारी. एप्रिल-मे मी फुलं घेतच नाही, कळी दिसली की खुडतो, ५० टक्केवाली हिरवी जाळी बांधतो, अन् काळ्या कुंड्यांना बाहेरून गोणपाट गुंडाळून ओलं ठेवतो. मुळं शिजली तर वरून काय करणार बाप्पा.

रत्नांग्रीची_सून, २२ सप्टेंबर

तुमचं ऊन तरी परवडलं. आमच्याकडे जून ते सप्टेंबर पान सुकतच नाही. काळ्या ठिपक्याच्या बुरशीला रुजायला पान सात तास ओलं लागतं म्हणे, आमचं चार महिने असतं. तिला आम्ही लग्नाचा हॉल मोफत दिल्यासारखं आहे.
सासरी आले तेव्हा पुण्याहून आठ कुंड्या आणल्या होत्या, सासूबाई म्हणाल्या, "अगो, इथे अनंत लाव, सोनटक्का लाव, गुलाबाचं खूळ कशाला?" हट्टाने लावले. सहा गेले. त्यात एक शिकले, की भरगच्च पाकळ्यांचे गुलाब पावसात उघडतच नाहीत. बाहेरच्या पाकळ्या भिजून एकमेकींना चिकटतात आणि कळी आतल्या आत कुजते. कमी पाकळ्यांचे उघडतात तरी. आता पावसाळ्यात कुंड्या पडवीत पत्र्याखाली, आणि मातीत जांभ्याची माती अर्ध्याहून कमी, बाकी शेणखत आणि वाळू. फुलं दिवाळीनंतरच.

काटेसाहेब, २२ सप्टेंबर

थोडक्यात: जर्मनीत औषध नको, नागपुरात ऊन नको, रत्नागिरीत पाऊस नको. मला वाटतं गुलाब पुण्यातच लावावा. (हलके घ्या.)

नाना_७४, २२ सप्टेंबर

हॅम्बुर्गकर, फवाऱ्याचा मुद्दा मान्य. मी खोटं बोलणार नाही, पावसाळ्यात माझा पंप हातातच असतो. पण विदर्भी_ऊन बरोबर बोलतायत. जात कुठे तयार झाली हे बघावं लागतं.
आणि तुम्ही सगळे युरोपात काय अडकलात? दिल्लीच्या पुसा या शेती संशोधन संस्थेत डॉ. बी. पी. पाल होते. गव्हाचे मोठे शास्त्रज्ञ, पुढे भारतीय कृषी संशोधन परिषदेचे (आयसीएआर) महासंचालक झाले, पण जीव गुलाबात. पांढरा 'डॉ. होमी भाभा' त्यांचा. त्याच संस्थेची गुलाबी 'मृणालिनी'. 'अभिसारिका' पाहिली आहे का कोणी? 'किस ऑफ फायर' या जातीवर किरणांचा मारा करून काढलेला पट्ट्यापट्ट्यांचा प्रकार, एक फूल दुसऱ्यासारखं नाही. आमच्याकडे आलेल्या पाहुण्यांना ती रंग मारल्यासारखी वाटायची.

पॉलिहाऊसवाला_मावळ, २३ सप्टेंबर

मी तळेगावाजवळ पॉलिहाऊसमध्ये सुपरवायझर आहे, वेगळ्या बाजूचं सांगतो.
रस्त्याकडेला "डच गुलाब, नवी जात" म्हणून जी रोपं मिळतात ती बऱ्याचदा आमच्याच जातीची असतात, टॉप सीक्रेट, ताजमहाल, गोल्ड स्ट्राइक, अवलांश वगैरे. जात वाईट नाही हो, पण तिचं काम वेगळं. लांब सरळ दांडा पाहिजे, डोकं घट्ट पाहिजे, खोक्यातून गेलं पाहिजे आणि दहा दिवस फुलदाणीत टिकलं पाहिजे. वास हा आमच्या यादीतच नाही. ऊन, पाणी, खत सगळं मोजून, ठिबकने, वर प्लास्टिक, पाऊस अंगावर पडतच नाही. अशा झाडाला तुम्ही कोथरूडच्या गच्चीवर नेऊन ठेवलं तर ते बिचारं म्हणणार काय केलं मी? काही ठिकाणी तर पाच-सहा वर्षं माल काढून थकलेली झाडं उपटतात आणि तीच छाटून कुंडीत भरून विकली जातात. बुंधा बघा, अंगठ्याएवढा जाड, जुनाट आणि भेगाळलेला असेल तर ते पेन्शनर आहे समजायचं.
व्हॅलेंटाइनचा माल काढायला डिसेंबरच्या मध्यापासून आमची झोप जाते, तेव्हा मला गुलाब आवडतो का असं विचारू नका.

शंकासुर, २३ सप्टेंबर

पेन्शनर! म्हणजे मी गेल्या वर्षी तीन पेन्शनर विकत घेतले तर. आता कळलं ते काहीच काम का करत नव्हते.
आणखी एक अडाणी प्रश्न: निळ्या गुलाबाचं बी ऑनलाइन ९९ रुपयांना मिळतंय. घेऊ का?

काटेसाहेब, २३ सप्टेंबर

घ्या. उगवलं तर पालक म्हणून भाजी करा.

हॅम्बुर्गकर, २३ सप्टेंबर

शंकासुर, अजिबात नको. गुलाबात निळं रंगद्रव्य मुळात नाहीच. जपानच्या सनटोरी कंपनीने दुसऱ्या फुलाचं जनुक घालून एक गुलाब केला, २००९ मध्ये तिथे विक्रीला आला, तोही निळा नाही, जांभळट आहे. 'ब्लू मून' नावाचा जुना हायब्रीड टी आहे तो फिकट जांभळा, वास मात्र फार सुंदर. आणि हायब्रीड टी बियांपासून तसाच येत नाही. प्रत्येक बी म्हणजे नवं मूल, कोणावर जाईल सांगता येत नाही. म्हणून तर डोळा भरतात, म्हणजे हव्या त्या जातीचा डोळा काढून दुसऱ्या झाडाच्या सालीत बसवतात.
अवांतर: झाडाच्या लेबलवर नावाखाली एक विचित्र शब्द असतो तो वाचत जा. 'कोर'ने सुरू होणारा कोर्डेसचा, 'मेई' म्हणजे मेलँड, 'टॅन' म्हणजे टांटाऊ. बाजारातलं नाव देशागणिक बदलतं, हे बदलत नाही. आणि नाना, ते मेलँड नाही, मेयाँ आहे :-)

नाना_७४, २४ सप्टेंबर

आमच्या पुण्यात १९८५ पासून तो मेलँड आहे. त्याला विचारा, ओ देईल.

जाईजुई, २४ सप्टेंबर

मी रोमात (नुसती वाचणारी, न लिहिणारी) असते इथे, पण आता राहवत नाही. आमच्या आजीच्या परसात एकच गुलाब होता, गावठी, फिका गुलाबी, फूल सकाळी उमललं की संध्याकाळी पाकळ्या खाली. तुमच्या प्रदर्शनात त्याला कोणी उभं केलं नसतं. पण ओसरीवर बसलं तरी वास. आजी त्याच्या पाकळ्या खडीसाखरेत थर देऊन बरणी उन्हात ठेवायची. एवढ्या सगळ्या नव्या जातींत वासाचं कोणी बोलत का नाही? आणि या हायब्रीड टीच्या पाकळ्यांचा गुलकंद होतो का?

गच्चीवरची_बाग, २४ सप्टेंबर

जाईजुई, अगदी मनातलं. माझ्या ग्रांद अमोरेला जूनमध्ये तीन फुलं आली, रंग काय, आकार काय, आणि वासाच्या नावाने शंख. आईने नाकाशी नेलं आणि म्हणाली, "दिसायला देखणा आहे, बोलत नाही."

रत्नांग्रीची_सून, २४ सप्टेंबर

गुलकंद होतो, पण पाकळ्या जाड, कडसर लागतो. मुख्य म्हणजे औषध मारलेल्या झाडाचा अजिबात करू नका. बाजारातून आणलेलं रोप तर फुलांच्या दोन बहारांपर्यंत तोंडात घालायचं नाही असा आमच्या घरी नियम आहे. गुलकंदाला गावठीच.

डोळाभर, २६ सप्टेंबर

धागा उशिरा दिसला. व्यवसायाने बँकेत, पण रविवारी लोकांच्या बागेत जाऊन डोळे भरून देतो. सगळे जातीवर भांडताय, खुंटाबद्दल (ज्या मुळाच्या झाडावर डोळा भरतात त्याबद्दल) कोणी बोलेना, म्हणून लिहितोय.
वर कुठली जात आहे त्याच्याइतकंच खाली कुठला खुंट आहे ते महत्त्वाचं. युरोपातून जे झाड येतं ते तिथल्या थंडीच्या, तिथल्या मातीच्या खुंटावर भरलेलं. आपल्या गच्चीत ते मूळ धरत नाही, आणि दोष जातीला. तीच जात इथल्या खुंटावर भरली की वेगळी वागते. माझ्याकडे एकाच जातीची दोन झाडं आहेत, एक आलेल्या मुळावरचं आणि एक मी देशी खुंटावर भरलेलं. पहिलं गुडघ्याएवढं, दुसरं माझ्या छातीला लागतं. एका घरचा अनुभव आहे, शास्त्र म्हणून घेऊ नका. पण नवं महागडं रोप घेतलं की पहिल्याच हिवाळ्यात त्याचे चार डोळे काढून इथल्या खुंटावर भरून ठेवा, मूळ झाड मेलं तरी जात घरात राहते.
आणि उष्ण प्रदेशासाठी गुलाब काढायचं काम आपल्याकडे झालंय की. कोडाईकनालचे विराराघवन, आयएएसची नोकरी लवकर सोडून गुलाबात पडले. त्यांचं म्हणणं असं, की सगळे आधुनिक गुलाब थंड देशांसाठी काढले, मग उष्ण हवेसाठी आपल्याच रानातले गुलाब का वापरू नयेत? मणिपूरकडचा गिगांटिया आणि पाण्याकाठी वाढणारा क्लिनोफिला हे दोन घेऊन त्यांनी आणि त्यांच्या पत्नी गिरिजा यांनी कितीतरी जाती केल्या. त्यातली एक वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्मल यांच्या नावाची आहे. हे काटेकोर हायब्रीड टी नाहीत, नाना नाक मुरडतील, पण दिशा ती आहे.

विदर्भी_ऊन, २६ सप्टेंबर

हे झालं ना मुद्द्याचं! +१०१. वाचनखूण साठवली.

नाना_७४, २७ सप्टेंबर

नाक मुरडत नाही. डोळाभर यांचं बरोबर आहे, मला पटलं. फक्त प्रदर्शनाच्या टेबलावर जानकी अम्मल आणि पीस शेजारी ठेवले तर परीक्षक कोणाकडे आधी बघेल ते मला माहीत आहे.

हॅम्बुर्गकर, २७ सप्टेंबर

म्हणजे नाना, झाड परीक्षकासाठी लावायचं की घरच्यांसाठी?

नाना_७४, २७ सप्टेंबर

परीक्षकासाठी. घरच्यांसाठी मोगरा आहे.

गच्चीवरची_बाग, १९ ऑक्टोबर

मंडळी, छाटणी झाली! नानांनी व्यनितून (खाजगी निरोपातून) सांगितलं तसं, जुनाट आणि आत वळलेल्या फांद्या पूर्ण काढल्या, बाकी गुडघ्याच्या थोडं खाली, बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या वर तिरका काप, कापावर मोरचूद-चुन्याची पेस्ट. कुंडीतली वरची चार बोटं माती काढून शेणखत आणि निंबोळी पेंड. कंबर गेली.
पण फ्रान्सिस मेलँडचं कोडं आहे. छाटायला गेले तर फांद्या लवचिक, लांबलचक, कमानीसारख्या वाकलेल्या, पानं बारीक आणि फिक्या हिरव्या रंगाची. लेबलवरच्या फोटोशी काहीच जुळत नाही. एका पानाला सात पर्णिका आहेत. सात म्हणजे जंगली ना?

नाना_७४, १९ ऑक्टोबर

सात-पाचाचं मोजमाप सोडा. चांगल्या हायब्रीड टीलाही कधी कधी सात येतात, आणि जंगलीला पाचही असतात. माती बाजूला करा आणि जोडाची गाठ शोधा. फांदी गाठीच्या वरून निघाली असेल तर तुमची, खालून निघाली असेल तर खुंटाची. फोटो टाका.

डोळाभर, २० ऑक्टोबर

फोटो पाहिला. ताई, बातमी चांगली नाही. गाठीच्या वरचा भाग पूर्ण वाळलेला काळा आहे, तो बहुतेक एप्रिलातच गेला. जे सगळं वाढतंय ते गाठीच्या खालून. तुम्ही सहा महिने खुंटाला खतपाणी घातलंय.

काटेसाहेब, २० ऑक्टोबर

आणि आम्ही इथे महिनाभर त्याच्या जर्मन सर्टिफिकेटवर भांडलो.

हॅम्बुर्गकर, २० ऑक्टोबर

एडीआरवाला तर एप्रिलातच गेला म्हणजे. विदर्भी_ऊन, तुम्ही काही बोलू नका.

विदर्भी_ऊन, २० ऑक्टोबर

मी कुठं काय बोललो भाऊ.

गच्चीवरची_बाग, २० ऑक्टोबर

हसून हसून पुरेवाट. आई म्हणते, "तरी मी म्हणत होते हे फारच आनंदाने वाढतंय." आता काय करू, टाकून देऊ?

डोळाभर, २० ऑक्टोबर

अहो टाकताय काय! सहा महिने पोसलेला, गच्चीच्या उन्हात रुळलेला खुंट आहे. असा विकत मिळत नाही. डिसेंबर-जानेवारीत साल सुटते तेव्हा त्याच्यावर हवी ती जात भरू.

गच्चीवरची_बाग, २७ डिसेंबर

अपडेट. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात फुलं सुरू झाली. ग्रांद अमोरेला नऊ, पावसाळ्यात औषध न मारता पानं बऱ्यापैकी टिकली होती, हे हॅम्बुर्गकरांच्या बाजूने. बाबांच्या पीसला चारच, पण नाना, एकेक फूल माझ्या तळहाताहून मोठं. पापा मेलँडने जिना चढतानाच वास दिला.
पाचाचं काय झालं ते सांगते. नवी तीनच घेतली: पुसा अरुण, मृणालिनी आणि ब्लू मून (ही नवी नाही, माहीत आहे, पण शंकासुरांमुळे डोक्यात बसली). विक्रेत्याला प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारला, भरलं कुठे आणि कुठल्या खुंटावर. दोघांना उत्तर आलं नाही, त्यांच्याकडून घेतलं नाही.
चौथी जागा त्या खुंटाची. डोळाभर, येत्या रविवारी येताय ना? काय भरायचं ते अजून ठरत नाही. आईला वास हवाय, मला पट्टे हवेत.

नाना_७४, २८ डिसेंबर

अभिसारिकेचे दोन डोळे देतो. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून शनिवारी सकाळी न्या, फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात ठेवा, बर्फाच्या जवळ नको. पापा मेलँड तुमच्याकडेच आहे, त्याचे दोन घ्या. एकाच खुंटाच्या दोन फांद्यांवर दोन्ही भरा. आईंना वास, तुम्हाला पट्टे.

डोळाभर, २८ डिसेंबर

येतो, नऊला. चाकू माझा आणतो, पट्टी पण आहे. त्या दोन फांद्या सोडून बाकी सगळ्या त्याच्या आधी कापून ठेवा, आणि आदल्या दिवशी पाणी भरपूर घाला म्हणजे साल सुटेल.

शंकासुर, २८ डिसेंबर

एका झाडावर दोन रंग? मग त्याचं बी ९९ रुपयांना विकता येईल का?